कानातला वाटाणा

मी वाटाणा बोलतोय. सोलून उसळीत घालायचा नव्हे, कानात घालायचा. मेक्सिको शहरातल्या मालिकांच्या स्टुडिओत मला सगळे याच नावानं ओळखतात. मी नटीच्या कानात बसतो. वर काचेच्या खोलीत एक माणूस माइकवर वाक्य वाचतो, ते माझ्यातून तिच्या कानात जातं आणि लगेच तिच्या तोंडून बाहेर पडतं. इथं रोज एक भाग उरकायचा असतो, पाठांतराला वेळ कुणाकडे आहे?

माझा जन्म मेणातला. एल्विरा सान्तोयो बाईंच्या उजव्या कानाचा साचा घेऊन मला घडवलं, त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या कानात मी बसत नाही. नशीबच तसं.

बाई इस्तापालापा या गरीब वस्तीतल्या. सावळ्या, बुटक्या. सुरुवातीला निर्मात्यांनी त्यांना वाटाण्याच्या अक्षताच लावल्या. मग मोलकरणीची कामं मिळाली. "सेन्योरा, जेवण वाढलंय," एवढंच म्हणायचं आणि ताट ठेवून निघायचं. त्याला माझी गरज नव्हती. पुढे एका मालिकेत त्याच मोलकरणीला हवेलीची खरी मालकीण ठरवलं, आणि बाईंच्या तोंडी पानंच्या पानं आली. तेव्हा मी आलो.

वाचणारे डॉन फाउस्तो; 'डॉन' म्हणजे इथलं 'राव'. शांत माणूस, आवाज खर्जातला. ते नुसतं वाक्य देत नाहीत, सगळंच देतात. "डावीकडे बघा. थांबा. आता रडा." बाई डावीकडे बघत, थांबत आणि रडत. एकदा मालिकेतला नवरा मरणशय्येवर होता आणि डॉन फाउस्तो माइक बंद करायला विसरून आपलं खाणं मागवत होते. बाईंनी नवऱ्याचा हात छातीशी धरला आणि हुंदका देत म्हणाल्या, "कांदा नको." मरणारा नवरा हसायला लागला. बाई मात्र हसल्या नाहीत, पुढच्या वाक्याची वाट बघत राहिल्या.

मधे एक चित्रपट मिळाला. तिथल्या दिग्दर्शकानं मला दारातच अडवलं. बाई माझ्याशिवाय कॅमेऱ्यासमोर खांबासारख्या उभ्या राहिल्या. पेपरवाल्यांनीही तेच लिहिलं. बाई मुकाट्यानं मालिकेत परतल्या. मलाही त्याचं सुखदुःख काही वाटलं नाही. मी वाटाणा, मला काय वाटणार.

बाईंना एक मुलगी, नायेली. ती आजीकडे वाढली. आई तिला रोज दिसायची, पण पडद्यावर, रात्रीच्या जेवणाच्या वेळी. गेल्या वर्षी आजी गेली. नऊ दिवस घरी जपमाळेची प्रार्थना झाली, शेवटच्या दिवशी लोक म्हणाले, एल्विरा, आईबद्दल दोन शब्द बोल. बाई उभ्या राहिल्या आणि असं काही बोलल्या की सगळ्यांच्या डोळ्यांना रुमाल लागले. फक्त कोपऱ्यातली एक आत्या शेजारणीला म्हणाली, "हे मालिकेत हवेली जळते तेव्हाचं भाषण आहे ना गं?" नायेलीनं ते ऐकलं. त्या दिवसापासून ती आईशी कामापुरतंच बोलू लागली.

मागच्या महिन्यात जेवणाच्या सुट्टीत ती सेटवर आली. बाई खोट्या दिवाणखान्यात खऱ्या ताटातले राजमे खात बसल्या होत्या. मी कानातच होतो. डॉन फाउस्तो वर काचेमागे जेवत होते. खालचा माइक चालू होता, त्यांना सगळं ऐकू जात होतं.

"आई, मी निघाले," नायेली म्हणाली. "शिकागोला. नर्सची नोकरी. टॅक्सी बाहेर उभी आहे."

बाईंनी चमचा खाली ठेवला.

"लवकर येणं होणार नाही. तुला काही म्हणायचंय का? काहीही म्हण. शिवी दे हवी तर."

मी त्यांच्या कानात होतो, मला ठाऊक आहे, आत काहीच नव्हतं. वाक्य येत नव्हतं. त्यांची मान हळूच काचेकडे वळली.

डॉन फाउस्तोंना दया आली असावी. घास गिळून ते म्हणाले, "पोरी, जाऊ नकोस. तुझ्याशिवाय हे घर रिकामं आहे. रडा."

"पोरी, जाऊ नकोस," बाई म्हणाल्या. "तुझ्याशिवाय हे घर रिकामं आहे." आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

नायेली हसली. ते हसू काही चांगलं नव्हतं. "बोलण्याआधी तुझी मान किंचित उजवीकडे कलते, आई. मी लहानपणापासून बघतेय." मग वर बघून म्हणाली, "डॉन फाउस्तो, छान होतं. धन्यवाद." आणि ती चालू लागली.

बाई बसून राहिल्या. गालावरचं पाणी तसंच. त्या पुढच्या वाक्याची वाट बघत होत्या. माझ्यातून फक्त डॉन फाउस्तोंचा श्वास येत होता. दार लागल्याचा आवाज झाला.

"बाई," ते शेवटी म्हणाले, "माझ्याकडे काही नाही. खरंच नाही हो."

तेव्हा बाईंनी मला उपटलं. नखं लागली, कानातून थोडं रक्तही आलं. मला राजम्यांच्या ताटात टाकून त्या पळाल्या. एका पायातली चप्पल तिथंच राहिली. डॉन फाउस्तो माझ्यातून हाका मारत होते, "बाई? बाई, गेली का ती?" ऐकायला फक्त राजमे होते.

बाई परतल्या तेव्हा चेहऱ्यावरची रंगरंगोटी पार उतरली होती, पायाला चिखल लागला होता. नायेली गेली होती. विमान काही थांबत नाही. डॉन फाउस्तो जिना उतरून खाली आले.

"काय बोललात?"

"काय माहीत," बाई म्हणाल्या. "टॅक्सीच्या काचेवर बुक्क्या मारल्या. तिला घोडी म्हणाले. स्वतःला म्हैस म्हणाले. नंतर नुसतं आ आ आ. एक वाक्य धड झालं नाही, डॉन फाउस्तो."

"आणि ती?"

"काच खाली केली तिनं."

मला पुसून परत कानात घातलं. काम ते काम. संध्याकाळी दोन प्रसंग झाले, बाई सांगितल्याबरहुकूम रडल्या. मी आजही रोज त्यांच्या कानात असतो. थोडा तडा गेलाय, राजम्याचा कण अजून खाचेत आहे. बदलायचं म्हणतात, बदला. तक्रार नाही.

एक मात्र आहे. हल्ली जेवणाच्या सुट्टीत अधूनमधून शिकागोहून फोन येतो. बाईंना फोन उजव्याच कानाला धरायची सवय आहे. म्हणून आधी त्या मला काढून मेजावर ठेवतात.