संध्याकाळचा घास

विद्याताईंनी वरणभाताचा मऊ घास चमच्यात घेतला, त्यावर फुंकर घातली आणि रघुवीररावांच्या ओठांशी नेला. त्यांनी निमूट आ केला. जन्मभर जहाजाच्या इंजिनरूममध्ये लोकांवर खेकसलेला, मीठ जरा कमी पडलं तरी ताट सरकवणारा माणूस. अर्धांगाच्या झटक्याने अगदी गाय करून टाकला होता. खिडकीबाहेर लख्ख ऊन होतं. परदेशातल्या या हॉस्पिटलात रात्रीचं जेवण दिवसाढवळ्या येतं याची विद्याताईंना भारी चीड. पण आहारतज्ज्ञ बाईंनी बिनमिठाचा का होईना, घरचा डबा चालेल म्हटल्यापासून त्यांची तक्रार थांबली होती. रोज लांबच्या चोआ चू कांगमधल्या घरून बसने डबा घेऊन यायच्या.

"अंकल, आज स्वतः ट्राय करा लाह," संध्याकाळच्या पाळीची नर्स सिती इथल्या बोलीत म्हणाली.

रघुवीररावांनी उजवा हात जरासा उचलला आणि चादरीवर पडू दिला.

"उगाच छळते मेली," विद्याताई मराठीत पुटपुटल्या आणि त्यांनी पुढचा घास भरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांबरोबर मीटिंग होती. मुलगा कुशल वन-नॉर्थ भागातल्या ऑफिसमधून हाफ डे टाकून आला. बाप घरी येणार की नर्सिंग होममध्ये जाणार, हे आज ठरायचं होतं. विद्याताईंचा जीव टांगणीला लागला होता.

फिजिओथेरपिस्ट म्हणाला, काठी धरून बाथरूमपर्यंत जातात. मग प्रणिता बोलली. हाताच्या हालचाली आणि रोजची कामं पुन्हा शिकवणारी ही थेरपिस्ट पुण्याची होती.

"सकाळी माझ्याकडे ते स्वतः खातात. टोस्टला बटरसुद्धा लावतात."

"माझ्या पाळीत नाही," सिती म्हणाली. "रोज भरवावं लागतं. हात उचलतच नाहीत."

"मी खोटं सांगत नाहीये."

"मग मी सांगतेय का?"

डॉक्टर लिमनी दोघींकडे पाहिलं. "पेशंट एकच आहे ना? भरवावं लागत असेल तर घरी दिवसभर माणूस हवं. मुलगा ऑफिसला, आंटींचे गुडघे असे दुखरे. मग मला नर्सिंग होमच सुचवावं लागेल."

कुशल खाली मान घालून बसला.

सिती डॉक्टरांकडे वळली. "डॉक्टर, तिने त्यांची संध्याकाळ पाहिली नाही आणि मी सकाळ."

"आज मी संध्याकाळी थांबते," प्रणिता म्हणाली. "दोघी मिळून बघतो."

डॉक्टरांनी निर्णय उद्यावर टाकला.

बाहेर येताच प्रणिताने विद्याताईंना बाजूला घेतलं. "काकू, आज भरवू नका. काहीही झालं तरी."

"म्हणजे माझ्यामुळे होतंय का हे सगळं?" विद्याताई उसळल्या. "मी काय त्यांच्या वाईटावर आहे?"

"तसं नाही हो, काकू. पण आजचा दिवस माझं ऐका."

टोस्टला बटर! हे ऐकून विद्याताईंना आनंद व्हायला हवा होता, पण वाईट वाटलं. घरी कधी पाण्याचा पेला हाताने न घेतलेला माणूस, आणि या मुलीसमोर बटर लावतो!

संध्याकाळी त्यांनी डबा उघडून ताट वाढलं आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसल्या. पलंगाच्या पायथ्याशी सिती आणि प्रणिता शेजारीशेजारी उभ्या होत्या. रघुवीररावांनी सवयीने आ केला. वाट पाहिली, मग तोंड मिटलं.

"भरव ना," ते जड जिभेने म्हणाले.

"नाही. घरी यायचंय ना? मग आपल्या हातानं जेवा."

त्यांनी तिघींकडे पाहिलं. मग उजवा हात उचलला, प्रणिताने आणलेला जाड मुठीचा चमचा धरला आणि थरथरत, थोडं गळ्यावर सांडत, घास तोंडात घातला. पुसायला विद्याताईंचा हात मांडीखालून निघालाच होता. त्यांनी तो कसाबसा आवरला. रघुवीररावांनी दुसरा घासही खाल्ला.

"येत होतं तर रोज आ कशाला करत होतात?" त्या जवळजवळ ओरडल्याच. "इथे माझ्या जिवाला घोर लागलाय!"

"एवढ्या लांबून यायचीस," एकेक शब्द जुळवत ते म्हणाले. "भरवलंस की... तुला बरं वाटायचं."

विद्याताईंचे डोळे भरून आले.

"काय म्हणाले अंकल?" सितीने हळूच विचारलं.

"नंतर सांगते. उद्या डॉक्टरांना आपण दोघींनी मिळून सांगायचं," प्रणिता म्हणाली. "अंकलना जमतं. अंकल कॅन."

"कॅन लाह," सिती हसली.

रघुवीररावांनी पुन्हा चमचा भरला. या वेळी तो विद्याताईंकडे वळवला.

"इश्श! पोरी बघताहेत," त्या म्हणाल्या. चमचा हवेत थरथरत थांबला होता. शेवटी त्यांनी आ केला.

बिनमिठाचं करायचं तर चव काय बघायची, म्हणून हे वरण त्यांनी आजवर स्वतः कधी तोंडात घातलंच नव्हतं. पार अळणी, घशाखाली उतरेना. आणि हा माणूस रोज वाटी रिकामी होईपर्यंत आ करत होता.