छत्तीस घरांचं टपाल

सोमवारी तारीख लागल्याचा फोन आला आणि तेव्हापासून भिंगरीचे पाय जमिनीवर ठरेनात. तसे ते एरवीही कधी ठरत नसत. म्हणून तर लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी तिला हे नाव देऊन टाकलं होतं. पण आता कारणच तसं घडलं होतं. जानेवारीच्या बारा तारखेला कोर्टात शेवटची सही झाली, की डाव्या गालावर खळी असलेली चार वर्षांची एक मुलगी कायमची त्यांच्या घरी येणार होती. आणि त्यांच्या सगळ्या गोतावळ्यात हे ठाऊक होतं फक्त भिंगरीला आणि तिच्या नवऱ्याला.

गुपिताला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी असाच एक मुलगा यायचा होता. तेव्हा भिंगरीने आनंदाच्या भरात सगळ्यांना सांगून टाकलं, आणि ऐन वेळी त्या मुलाचा सख्खा मामा पुढे आला नि त्याला घेऊन गेला. मुलाचं भलंच झालं म्हणा. पण मग सांत्वनाचे फोन सुरू झाले. मावशी, आत्या, चुलत दीर, शेजारीण, प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगायचं आणि वर त्यांचीच समजूत घालायची. सासूबाईंनी सात चिमुकले शर्ट शिवून ठेवले होते. ते त्यांनी कुठे ठेवले, हे कुणी विचारलं नाही. नवराबायकोने कानाला खडा लावला, की या वेळी तारीख लागेपर्यंत आईंनासुद्धा सांगायचं नाही आणि सही होईपर्यंत आईंखेरीज कुणालाच नाही. दत्तक देणाऱ्या संस्थेच्या बाईंनीही बजावलं होतं की मुलीचा फोटो घराबाहेर जाता कामा नये.

आता तारीख लागली होती. आईंना सांगायचं होतं, आणि ते कसं सांगायचं याबद्दल भिंगरीच्या मनात जराही शंका नव्हती. नाताळचं कार्ड!

सासूबाईंनी चाळीस वर्षं शिवणकाम केलेलं. दर नाताळाला त्या जाड कागदाची घरं कापत. उतरतं छप्पर, तीन खिडक्या आणि एक उघडमीट करणारं दार. आतलं पान गेली तीन वर्षं भिंगरीकडे होतं. ती फोटो छापायच्या दुकानात काम करी आणि संगणकावर चिकटवही करायचं तिला भारी वेड. सासूबाईंच्या डब्यातल्या चिंध्या, लेस, बटणं स्कॅन करायची, त्यांची पडद्यावर मांडामांड करायची, मधे घरच्यांचे चेहरे असे बसवायचे की नेमके खिडक्यांतून डोकावतील. "हाताला गोंद लागत नाही, ते काय चिकटवणं?" असं म्हणून सासूबाईंनी आधी नाक मुरडलं होतं. मग छापून आलेल्या पानावरची लेस खरी समजून त्या नखाने उचलायला गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन स्वतःच दारात हजर झाल्या.

या वर्षी खिडक्यांत तिघं होती, सासूबाई, लेक आणि सून. दाराआड शुभेच्छांची ओळ. फक्त सासूबाईंच्या कार्डात त्या ओळीच्या जागी मुलीचा फोटो. संगणकावरच्या अशा पानाला थर असतात, एकावर एक काचा ठेवाव्यात तसे. प्रत्येक थरासमोर डोळ्याची खूण. डोळा मिटला, की तो थर छापला जात नाही. मुलीचा फोटो भिंगरीने सगळ्यात वरच्या थरावर ठेवला. आधी एक प्रत छापायची, मग डोळा मिटून बाकीची पस्तीस. इतकं सोपं.

शुक्रवारी दुपारी दुकानात तिने ती एक प्रत काढली, आणि तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला.

"अगं, तिला झोपताना दिवा लागतो म्हणे. आत्ताच कळलं."

"कसला दिवा? छोटा की मोठा? आणि उजेड पिवळाच हवा हं, पांढरा नको!"

"मासा आणावा की चंद्र?"

"मासा! नाही, चंद्र! नाही, थांब…"

फोन मानेत, डोकं दिव्यात, आणि हात यंत्रावर. तिने पस्तीसचा आकडा टाकून बटण दाबलं. पानं पालथी पडत गेली. तशीच एका मोठ्या पाकिटात भरून तिने घरी जाताना ती सासूबाईंकडे टाकली, कारण घरांत चिकटवून टपालात टाकायचं काम त्यांचं, आणि दिव्याच्या दुकानाकडे पळाली.

शनिवारी सकाळी ती सासूबाईंचं कार्ड चिकटवायला बसली. कडेला एक निळं बटण जास्त शोभेल असं वाटून तिने पान पुन्हा उघडलं. वरच्या थराचा डोळा टक्क उघडा होता.

मिटलाच नव्हता. पस्तीसच्या पस्तीस पानांवर दाराआड ती मुलगी बसली होती, आणि आज बाराच्या टपालाने पस्तीस घरी निघणार होती.

तिने फोन लावला. सासूबाईंचा फोन शिवणयंत्राच्या खणात राहायचा आणि तिथल्या रिळांनाच ऐकू जायचा. हातातल्या कार्डासकट भिंगरी घरातल्या सपातांवरच धावत सुटली. सासूबाईंच्या दाराला कुलूप. खालच्या दुकानातल्या न्हाव्याने एका गिऱ्हाइकाचं डोकं अर्ध्यावर सोडून सांगितलं, "टपालात गेल्या. आज गुणगुणत होत्या! कधी नव्हे ते."

भिंगरीने टपाल कचेरीचं दार ढकललं तेव्हा बारा वाजायला दहा मिनिटं होती. पेटीशी सासूबाई उभ्या होत्या. हातात शेवटचं पाकीट.

"आई, थांबा! टाकू नका!"

त्या दचकल्या. पाकीट बोटांतून सुटून पेटीत गेलं.

"काढा ते, सगळी काढा," भिंगरीने खिडकीतल्या कारकुनाला विनवलं. चष्म्याच्या वरून बघत तो म्हणाला, "बाई, पेटीत पडलं की परत मिळत नाही. तो नियम आहे."

रांगेतली माणसं वळून बघत होती. सासूबाईंनी तिचा दंड धरून तिला भिंतीजवळच्या बाकावर बसवलं.

"आई, दाराआड… माझ्याकडून चूक झाली. मला आधी तुम्हाला सांगायचं होतं, फक्त तुम्हाला. आता सगळे फोन करतील. आणि पुन्हा काही झालं तर…"

"एकही दार उघडणार नाही," सासूबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"चिकटवली. पस्तीसच्या पस्तीस. जाड पडद्याला लावते ना, तो गोंद. कागद फाटेल पण दार हलायचं नाही."

"तुम्हाला कळलं होतं?"

"पहिलंच पान उलटलं आणि पोर हसली माझ्याकडे बघून. कोण ते विचारायला हवं होतं का मी? आणि दारं बंद का करायची, तेही कळलं. त्या वेळचे निम्मे फोन मीच घेतले होते, बाई."

"मग काल बोलला का नाहीत?"

"सांगायचं तुझं होतं. तू सांगेपर्यंत थांबायचं ठरवलं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही लागला." त्यांनी चष्मा काढून पुसला. "कडेकडेनेच लावलाय गोंद. तिच्या तोंडाला लागू दिला नाही."

भिंगरीचा जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी तिला रडू फुटलं. सासूबाईंच्या कार्डात चाळीस वर्षांत कधी दार अडकलं नव्हतं. "लोक काय म्हणतील, आई?"

"म्हणतील, म्हातारीचा हात चुकला. म्हणू देत. माझं कार्ड कुठे आहे?"

तेव्हा कुठे भिंगरीला हातातल्या कार्डाची आठवण झाली. धावताना त्याचा एक कोपरा दुमडला होता. तिने ते सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी नखाने दार उघडलं, कितीतरी वेळ बघितलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग चष्मा कपाळावर चढवून अंगठ्याने तिसऱ्या खिडकीच्या शेजारची जागा मोजायला लागल्या.

"इथे आणखी एक बसते. अर्ध्या इंचाची. छप्पर जरा वर घ्यावं लागेल."

"आई, सही व्हायचीय अजून."

"होईल तेव्हा होईल," सासूबाई म्हणाल्या आणि पिशवीतून पेन्सिल काढून तिथेच बाकावर चौथी खिडकी आखायला बसल्या.