ओळ देणाऱ्याची घेरी

फिनले पहिल्यांदा कलला तेव्हा मला वाटलं, हातातलं पुस्तक निसटलं म्हणून वाकला असेल. दुसऱ्यांदा कलला त्या शब्बाथाला, म्हणजे रविवारी, चर्चमधून घरी येताना मी गाडीतच त्याचं तोंड हुंगलं.

पेपरमिंटचा वास आला. तसा तो आमच्या सगळ्या मंडळीच्याच तोंडाला येतो. उपदेश लांबायला लागला की बाकाबाकांवर गोळ्यांचे कागद चुरचुरतात. पण बाईच्या मनात एकदा शंका शिरली की पेपरमिंटसुद्धा साधं राहत नाही. नेहमीसारखी चघळायची म्हणून खाल्ली, की दुसरा कसला वास झाकायचा म्हणून?

आमच्या चर्चमध्ये पेटी नाही, बाजा नाही. स्तोत्राची एक ओळ एकजण देतो आणि ती मंडळी उचलते. ज्याची त्याची हरकत वेगळी, ज्याचा त्याचा श्वास वेगळा, तरी सगळं मिळून एकच लाट किनाऱ्यावर यावी तसं ते येतं. ही लाट ओसरायच्या आत ओळ देणाऱ्याने पुढची ओळ टाकायची असते. आमच्याकडे ती ओळ माझा नवरा देतो. पाळकांच्या उंच आसनाखाली त्याची खुर्ची आहे. त्याच्या आधी तिथं त्याचा बाप बसायचा. फिनले हयातभर पोस्टाची गाडी चालवत होता, पण स्कॉटलंडच्या आमच्या या लूइस बेटावर त्याला कुणी पोस्टमन म्हणून ओळखत नाही.

तर त्या दिवशी सूर वर चढला आणि फिनलेचा आवाज मध्येच तुटला. त्याने समोरचा कठडा धरला. मंडळी आपली ओळ ओढत राहिली, ओढत राहिली, आणि पुढची येईचना. शेवटी चर्चचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळींच्या बाकावरून इव्हँडरने ती उचलली.

फिनले म्हणाला, घेरी आली. सगळं चर्च वरखाली हिंदकळलं, बादलीतल्या पाण्यासारखं. मग थांबलं.

मी मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी तो मेंढ्या बघायला गेल्यावर जळणासाठी वाळवलेल्या पीट-मातीच्या ढिगामागे हात घालून बघितलं. जाळ्यांखाली बघितलं, जुन्या ट्रॅक्टरच्या बैठकीखाली बघितलं. बाटली मिळाली नाही. बिस्किटांचा पुडा मिळाला. साखरेमुळे ती त्याला बंद आहेत. पुडा मी होता तिथंच ठेवला. माणूस एक गोष्ट लपवतो म्हणजे दुसरीही लपवत असेल, असा माझा हिशेब.

त्याचाही हिशेब चाललाच होता. घेरी येतच राहिली, तशी त्याची नजर घरभर फिरू लागली. आधी विहिरीच्या पाण्यावर संशय. मग चुलीवर. धुराडं बघायला शहरातून माणूस आला, सगळं ठीक आहे म्हणाला, तर फिनलेचा त्या माणसावरच संशय. मग एका सकाळी तो गोळ्यांची डबी हातात घेऊन मला म्हणाला, "मर्डिना, या पूर्वी पिवळ्या नव्हत्या का गं?"

"कंपनी बदलली. औषधाच्या दुकानात विचार जाऊन."

"विचारलं," तो म्हणाला. म्हणजे माझ्यावरचा संशय तपासून झाला होता.

डॉक्टर प्रेस्कॉटबाई दक्षिण इंग्लंडच्या. चांगल्या बाई, आमच्या बेटावर हौसेने आलेल्या. त्यांनी फिनलेला विचारलं, कधी येते? तो म्हणाला, चर्चमध्ये, स्तोत्र सुरू झालं की. त्यांनी रक्तदाब बघितला, आडवं झोपवून बघितलं, उभं करून बघितलं, आणि म्हणाल्या, उठल्यावर रक्त खाली राहतं. रक्तदाबाची गोळी अर्धी केली. मीठ जास्त खा म्हणाल्या. आमच्या घरात खारवलेली हेरिंग मासळी आणि बटाटे हेच जेवण, आता याहून मीठ घालायचं कुठं? शिवाय पाय आवळणारे लांब मोजे दिले. ते रोज सकाळी मी त्याच्या पायांवर चढवायचे. मेंढी कातरणं परवडलं.

घेरी थांबली नाही. स्टॉर्नोवेच्या इस्पितळात मेंदूची तसबीर काढली, ती स्वच्छ निघाली. मग डॉक्टरबाई हळुवार आवाजात विचारू लागल्या, घरी काही ताण आहे का? फिनलेने म्हणे दाराबाहेर मी बसले होते तिकडे बघितलं. मी आत नव्हते, तरी त्याच्या डोळ्यांसमोर आले असेन.

गाडी चालवणं त्याने आपण होऊन सोडलं. किल्ल्या टेबलावर माझ्याकडे सरकवल्या आणि खिडकीबाहेर बघत बसला. बेटाचा प्रत्येक रस्ता त्याच्या हाताला पाठ होता. त्या दिवशी मी बाटली शोधायची थांबले. संशय मात्र थांबला नाही, तो नुसता जागा बदलत राहिला. काहीतरी तो सांगत नव्हता. रात्री उशीवर पडला की डोळे मिटून असा निश्चल व्हायचा, जणू आतल्या आत कुणाला पकडायला दबा धरून बसलाय.

मग इव्हँडर घरी आला. प्रभुभोजनाचा आठवडा जवळ आला होता. त्या आठवड्यात गुरुवारपासून सोमवारपर्यंत उपासना, गावोगावचे पाळक, घराघरांत पाहुणे, अंगणात बटाट्यांची पातेली. मंडळी दुपटीने भरते. इव्हँडर खुर्चीच्या कडेवर बसला, चहा नको म्हणाला, आणि चहा नको म्हणणारा माणूस काय घेऊन आलाय हे मला तेव्हाच कळलं. वडीलमंडळींचं म्हणणं असं की डॉक्टर या दुखण्याला नाव देईपर्यंत फिनलेने खुर्ची सोडावी. आजार असेल तर देव बरं करील. दुसरं काही असेल तर तेही उजेडात येईल. तोवर इव्हँडरचा पुतण्या आहेच.

"पुतण्या आहेच," फिनले म्हणाला.

"चांगला आवाज आहे त्याचा," इव्हँडर म्हणाला.

"आवाज आहे. कान कुणाचा आहे?"

इव्हँडर गेल्यावर फिनलेने दाराला कडी घातली. मग म्हणाला, घेरी पहिल्यांदा आली त्या दिवशी याच्याच घरी चहा प्यायलो होतो. मी म्हटलं, आता इव्हँडर चहात विष घालतो म्हणतोस? तो म्हणाला, मी काही म्हणत नाही.

त्या वेळी मी ठरवलं की डॉक्टरकडे याच्याबरोबर आत जायचं. बाहेर बसून वर्षं गेली. तिथं हा काय सांगतो आणि काय गिळतो, ते मला माझ्या कानांनी ऐकायचं होतं.

आत गेले तर फिनले नेहमीचंच सांगत होता आणि बाई नेहमीचंच लिहीत होत्या. निघताना बाई प्रेमाने म्हणाल्या, "स्तोत्रासाठी उभं राहताना घाई करू नका. बाकाला धरून, सावकाश उठा."

"स्तोत्रासाठी कशाला उठेल तो?" मी म्हटलं.

"गायला."

"गायला आम्ही बसतो. प्रार्थनेला उभे राहतो."

बाईंचा हात कागदावर थांबला. त्यांनी फिनलेकडे बघितलं. "तुम्ही बसून गाता?"

"सगळेच बसून गातात," फिनले म्हणाला. त्याला प्रश्नच कळेना.

"आणि प्रार्थनेला किती वेळ उभं राहता?"

मी सांगितलं की ते पाळकावर असतं. आमचे पाळक सुरुवात करतात तेव्हा बटाटे चुलीवर ठेवून आलेली बाई अस्वस्थ होते, आणि ते आमेन म्हणेपर्यंत तिने बटाट्यांची आशा सोडलेली असते.

"उभं असताना कधी तोल गेला?"

फिनलेने आठवून बघितलं. मीही आठवून बघितलं. कधीच नाही. म्हाताऱ्या बायका पुढचा बाक धरून डुलतात, पण हा खांबासारखा उभा असतो.

बाईंनी पेन खाली ठेवलं. घेरी चर्चमध्ये गाताना येते हे फिनलेने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि बाईंनी पहिल्याच दिवशी ते ऐकलं होतं. फक्त दोघांच्या डोळ्यांसमोर आपापलं चर्च होतं. बाईंच्या चर्चमधला माणूस गाण्यासाठी ताडकन उठत होता, आमच्यातला आरामात बसला होता. तेवढ्यावर मोजे, मीठ आणि अर्धी गोळी. बाई लाल झाल्या, मनापासून माफी मागितली, उठण्याने नसेल तर आवाजाने घेरी येत असेल म्हणाल्या, आणि त्याच दुपारी इनव्हर्नेसच्या कानाच्या डॉक्टरांना फोन केला.

कानाचा डॉक्टर म्हटल्यावर फिनलेला नवा संशय आला. कानाला काय धाड भरलीय? त्याला तर नको तेवढं ऐकू येत होतं.

इनव्हर्नेसला जाताना बोटीच्या प्रवासात समुद्र खवळलेला होता. मी मळमळून बाकावर लवंडले आणि फिनले शेजारी बसून डुकराच्या मांसाचं सँडविच चवीने खात होता. बादलीतलं पाणी म्हणणारा हाच का तो माणूस? मी एक डोळा उघडून त्याच्यावर ठेवला. बंदर जवळ आलं, बोटीने भोंगा दिला, आणि सँडविच खाली पडलं. फिनलेने दोन्ही हातांनी माझा दंड धरला. बोटं इतकी रुतली की वळ उठले. ते सोंग नव्हतं.

इनव्हर्नेसची डॉक्टरबाई पोलंडची, वयाने आमच्या मुलीएवढी. तिने फिनलेच्या कानांवर यंत्र चढवलं, डोळ्यांवर मोठा चष्मा लावला आणि एक सूर सोडला. पडद्यावर फिनलेचे डोळे दिसत होते, गाईच्या डोळ्यांएवढे. तिने सूर वाढवला. डोळे स्वस्थ. आणखी वाढवला, आणि एकाएकी ते दोन्ही डोळे आपोआप वर सरकून झटका देत खाली आले, पुन्हा सरकले, पुन्हा आले. फिनलेने खुर्ची गच्च धरली. सूर थांबला तसे डोळे थांबले.

मग तिने अगदी सहज विचारलं, "तुम्हाला तुमचे डोळे हललेले ऐकू येतात का?"

फिनलेने मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत सरळ आरोप होता, की तूच हिला सांगितलंस. पण मला कुठं माहीत होतं? मग ते त्याच्याही ध्यानात आलं, आणि त्याचा चेहरा ढासळला.

"येतात," तो म्हणाला. "रात्री. वाळूवर दोर ओढावा तसे."

"आणि स्वतःची पावलं? नाडी?"

"सगळंच."

डॉक्टरबाईने मान डोलावली. ती आमच्याशी पुष्कळ वेळ बोलली. कानाच्या आत तोल सांभाळणारी नळी असते, तिच्यावरचं हाड एका बाजूला झिजून उघडं पडलेलं असावं. आवाज तिथून आत शिरतो आणि तोल हलवतो. बारीक तसबीर काढून खात्री करू. दुपारी तसबीर निघाली आणि खात्री झाली. कवटी उघडून ते भोक बुजवता येतं, पण त्या कानाचं ऐकणं जाऊ शकतं. नाहीतर मोठ्या आवाजापासून दूर राहायचं.

"माझा स्वतःचा आवाज?" फिनलेने विचारलं.

"तो तर सगळ्यांत जवळचा," ती म्हणाली.

बाहेर आल्यावर मी त्याला विचारलं, डोळे ऐकू येतात हे मला का नाही सांगितलंस?

"वेड लागलं म्हणाली असतीस. दवाखान्यात धाडलं असतंस."

"नसतं धाडलं. आधी तोंड हुंगलं असतं."

तो हसला. किती दिवसांनी. मग हसता हसता त्याचे डोळे भरले आणि तो इस्पितळाच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. नाव मिळालं होतं. दारू नव्हती, वेड नव्हतं, विष नव्हतं. होता तो सूर, ज्याच्यावाचून त्याला खुर्चीत बसायचं कारणच उरत नव्हतं.

घरी परतलो आणि इव्हँडर हजर. मी दार अर्धंच उघडलं. त्याने आत येऊन बसून सगळं ऐकून घेतलं, भोक कुठं आहे ते दोनदा विचारलं, आणि टोपी गुडघ्यावर फिरवत म्हणाला, "वरच्या सुरालाच होतं ना हे? मग खालून सुरू कर. मंडळी येईल खाली."

"बायकांचं काय? त्यांना घोगरं गावं लागेल," फिनले म्हणाला.

"गातील."

या वेळी त्याने चहा घेतला. तो गेल्यावर मी म्हटलं, यात काय आहे त्याचं? फिनले म्हणाला, त्याला वरचा सूर लागत नाही आता, दहा वर्षं कुरकुरतोय. मला बरं वाटलं. कारण सापडलेली दया मला जास्त खरी वाटते.

प्रभुभोजनाच्या शब्बाथाला उपदेशाला शेजारच्या हॅरिस भागातले म्हातारे पाळक होते. त्यांचा उपदेश मी बसफेऱ्या बदलून ऐकायला गेलेली बाई आहे. आधी ते बोलतात, मग वाक्यांना हेलकावा येतो, मग देवाचं बोट लागावं तशी बोलण्याला चाल लागते, आणि ते गातच राहतात. ऐकणाऱ्याच्या हाडांत दिवा लागतो. आणि रीत अशी की उपदेश ज्या सुरावर संपतो, त्याला धरूनच ओळ देणारा स्तोत्र उचलतो.

त्या दिवशी मात्र मी त्या पुण्यवंत माणसाकडे चोरावर ठेवावी तशी नजर ठेवून होते. कालवरीपर्यंत, ख्रिस्ताच्या क्रुसापर्यंत आले, सूर एक पायरी चढला. फिनलेचा हात कठड्यावर गेला. रिकाम्या कबरीपर्यंत आले, आणखी चढला. बायका डोळे पुसत होत्या. मी मनात म्हणत होते, उतरा, म्हाताऱ्या बाबा, उतरा. ते उतरले नाहीत. ऐन शिखरावर आमेन म्हणून बसले.

सारं चर्च त्या सुरावर टांगलेलं होतं. फिनले बसून राहिला. फार वेळ बसून राहिला. पुतण्या पुस्तक चाळू लागला. मग फिनलेने इतक्या खालून ओळ सुरू केली की पुढच्या बाकावरच्या बाईने दचकून वर बघितलं.

क्षणभर कुणीच ती उचलली नाही. मग इव्हँडरचा खर्जातला आवाज आला, मग म्हाताऱ्यांचा, आणि मग बायका एकेक करून खाली उतरल्या, थंड पाण्यात पाय घालावा तशा. तिसऱ्या कडव्यात सवयीने मंडळी पुन्हा वर सरकू लागली. फिनलेने डोळे मिटले आणि पुढची ओळ दिली, तशीच खाली. मंडळी परत आली. शेवटच्या ओळीपर्यंत तो खुर्चीत होता.

घरी येताना गाडी मी चालवत होते. त्याला विचारलं, काही झालं का?

"काही नाही. एकदाही नाही."

मी गाडी पुढं नेली. वळण आलं, मेंढ्या आडव्या आल्या, थांबले.

"फिनले."

"तिसऱ्या कडव्यात," तो म्हणाला. "सगळं चर्च पालथं झालं होतं."

मेंढ्या पार झाल्या. मी हळूच गाडी सुरू केली, इंजिनाचा आवाज होऊ न देता.