परत पाठवलेला नमुना

रुग्णालयाच्या दर्जा तपासणीचं काम गळ्यात पडलं, तेव्हा सिस्टरांची वीस वर्षं वॉर्डात गेली होती. सरकारी रुग्णालयाला मानांकन हवं होतं, आणि अक्षर सुरेख म्हणून अधीक्षकांनी नेमकं त्यांनाच धरलं. पुढची दोन वर्षं त्या तक्ते आखत, सूचना चिकटवत, माणसांच्या मागे लागत फिरल्या. सासूबाई एकदा जेवताना म्हणाल्या, की पूर्वी हिच्या हातांना औषधांचा वास यायचा, आता शाईचा येतो. सिस्टर हसल्या, पण ते त्यांना लागलं. मनातून त्यांनाही तसंच वाटत होतं.

तपासणीला आलेल्या मॅडम बारीक चणीच्या होत्या, खांद्याला कापडी पिशवी. अधीक्षकांनी सजवलेल्या सभागृहाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. थेट नोंदींच्या खोलीत गेल्या, कपाटातून हाताला आली ती फाइल ओढली आणि म्हणाल्या, हा पेशंट जिथे जिथे गेला तिथे मला न्या.

फाइल चार महिन्यांपूर्वीची होती. एक तरुण बाई, बाळंतपणानंतर जोराचा रक्तस्राव. सिस्टरांना वाटलं, नेमकी हीच का निघाली. अशा वेळी कोण घड्याळ बघून नोंदी करतं?

प्रसूती विभागातल्या नर्सने मात्र नोंदवही उघडून वेळा सांगितल्या. दुपारी दोन दहाला मुलगी झाली, पंधरा मिनिटांनी रक्त थांबेना म्हणून तिने घंटा दाबली, डॉक्टर धावत आले, रक्ताचा नमुना खाली रक्तपेढीत गेला. तो परत आला, मग तिने दुसरा काढून पाठवला.

लिफ्टवाले मामा म्हणाले, घंटा ऐकली आणि मी लिफ्टच्या दारात माझी खुर्ची आडवी घातली. भेटायला आलेल्या सगळ्यांना जिन्याने पिटाळलं. एक बडे गृहस्थ तक्रार करायला गेले होते, तीही तुमच्या फाइलीत असेल बघा. ती होती.

तळमजल्यावर रक्तपेढी. तिथला तंत्रज्ञ इतका काटेकोर, की सगळे त्याला फूटपट्टी म्हणत. मॅडमनी तारीख सांगितली. त्याने रजिस्टर उघडून एका ओळीवर बोट ठेवलं.

"नमुना परत पाठवला. नाव जुळत होतं, नंबर जुळत नव्हता."

"किती फरक होता?" मॅडमनी विचारलं.

"शेवटचा एक आकडा. फॉर्मवर चार, नळीवर सात."

त्याने पुढचं सांगितलं ते हवामान सांगावं तसं. त्या दिवशी विभागात एकाच नावाच्या, एकाच आडनावाच्या दोन बायका होत्या, शेजारशेजारच्या खाटांवर. फोनवर डॉक्टर त्याच्यावर ओरडले, की बाई हातची जातेय आणि तुला आकडे सुचतायत. त्याने कोणालाही चालणाऱ्या गटाच्या दोन पिशव्या ताबडतोब वर धाडल्या, पण त्या नळीवरून जुळणी करायला साफ नकार दिला. दुसरा नमुना आला, तेव्हा त्याने दोन्ही तपासले.

"पहिली नळी शेजारणीची होती. तिचा गट बी, हिचा ओ."

बी गटाचं रक्त त्या बाईच्या शरीरात गेलं असतं तर काय झालं असतं, हे तिथे कोणालाच सांगावं लागलं नाही.

"हे तुम्ही कोणाला बोलला नाहीत?" सिस्टरांनी विचारलं.

"फॉर्म भरला की. चुका कळवायचा, तुमचाच फॉर्म. त्यात चूक करणाऱ्याच्या नावाचा रकाना नाही, म्हणून मी लिहिलं नाही."

तो रकाना सिस्टरांनीच काढून टाकला होता, माणसं न घाबरता खरं लिहितील म्हणून. आणि त्या महिन्याच्या तक्त्यात त्यांनीच सुरेख अक्षरात लिहिलं होतं, परत पाठवलेले नमुने चार. त्या चाराच्या आत एक बाई होती, एक तान्ही मुलगी होती, आणि त्यांनी त्याखाली पट्टीने रेघ मारली होती.

मॅडम पुढे निघाल्या होत्या. शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या खोलीत काकू वाफेच्या यंत्राशी उभ्या होत्या. त्यांनी त्या दिवशीची, वाफ पुरेशी लागली की रंग बदलणारी कागदी पट्टी काढून दाखवली. सकाळी पट्टीचा रंग पुरता बदलला नव्हता, म्हणून त्यांनी अख्खी खेप पुन्हा लावली आणि उशीर झाला म्हणून बोलणी खाल्ली. त्यातलाच एक गठ्ठा दुपारी त्या बाईसाठी उघडला गेला. काकूंना ते आज कळलं. "बाई गं," एवढंच त्या म्हणाल्या, आणि यंत्राच्या दारावरून उगाच फडकं फिरवत राहिल्या.

सिस्टर एवढी वर्षं याच इमारतीत वावरल्या होत्या. आज त्यांना ती पहिल्यांदा दिसत होती. मामांना फूटपट्टीचं ठाऊक नव्हतं, फूटपट्टीला काकूंचं नव्हतं, आणि तरी सगळ्यांनी मिळून एका बाईला हातोहात पलीकडे नेलं होतं.

शेवटी मॅडम म्हणाल्या, त्या बाईंना फोन लावा. बाई कामात होत्या, मागे पोर किंचाळत होतं. त्या दिवसाचं काय आठवतं, असं सिस्टरांनी विचारलं.

"काही नाही हो. फक्त एक आठवतं. जीव चाललाय, आणि तुमची माणसं आपली सारखी माझं नाव आणि नंबर विचारतायत. मला इतका राग आला होता!"

मॅडम खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. सिस्टरांनी बाळाचं विचारलं. बाई म्हणाल्या, मुलगी कुशीवर वळायला लागलीय, आणि फोन ठेवला.

निकाल दीड महिन्याने आला. मानांकन मिळालं, सोबत सात उणिवांची यादी. अधीक्षकांनी प्रमाणपत्राला चौकट करायला दिली. सिस्टरांनी यादी घेतली. पहिलीच उणीव होती, नवजात बाळांच्या खोलीबाहेरचा नळ धुतलेला हात न लावता, कोपराने बंद होत नाही. नळदुरुस्तीवाला म्हणाला, उद्या बघू. सिस्टरांनी स्टूल ओढलं आणि त्या नळाशेजारी बसल्या. मग तो मुकाट्याने पाना आणायला गेला.