धुतलेला फ्रॉक

“अगं, हिचा पाय उलटत नाहीये. विणायची सुई दे बघू,” आई म्हणाली आणि दोरा तिने दातांनी तोडला.

मी सुई दिली. बाहुलीचा पाय आधी उलट्या बाजूने शिवायचा आणि मग बोटभर रुंदीच्या त्या नळीत सुई घालून तो सुलटा करायचा. आईच्या शब्दांत सांगायचं तर हे काम म्हणजे मुंगीला मोजे घालणं. पलंगावर बसून आत्या जुनी बनियनं कातरत होती, बाहुल्यांच्या पोटात भरायला. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. ती आमच्याकडेच राहायची आणि कातरताना बनियन कुणाचं, ते किती वर्षं वापरलं, याचा उद्धार करत राहायची. मागच्या गॅलरीत बाबा शीळ घालत कपडे वाळत टाकत होते. आमची कुठलीही सुट्टीची सकाळ घ्या, ती अशीच असायची.

आई बाहुल्या करायची. कोपऱ्यावरच्या खेळण्यांच्या दुकानात त्या विकायला जायच्या, आणि ओळखीपाळखीचे लोकही करून घ्यायचे. त्यामुळे आमच्या घरात कापड म्हणून कधी मरत नसे. बाबांचा शर्ट कॉलरला विरला की त्याचे झगे व्हायचे, पडद्याचे कोट व्हायचे. माझा आवडता पिवळा फ्रॉक तोकडा झाला आणि पुढच्याच आठवड्यात शाळेत जाताना बघते तर काय, दुकानाच्या काचेत कुणीतरी टकली माझा फ्रॉक घालून उभी! लोकरीचे केससुद्धा चिकटवायचे राहिले होते तिला. असा राग आला मला मेलीचा! आज मात्र कुठे तसं पिवळं कापड दिसलं, की हात लावल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. दिवसभर काळ्या ग्रीसमध्ये हात, आणि घरी आले की आईच्या कापडांची धुलाई. हे खातं त्यांना कुणी दिलं नव्हतं, त्यांनीच ते ओढून घेतलं होतं. त्याचं असं झालं, की एकदा आईने लाल कापडाचे सुंदर झगे शिवले. दुकानात कुठूनशी ओल आली, कापडाचा रंग सुटला आणि सगळ्या बाहुल्यांच्या अंगावर लाल ठिपके उठले. दुकानदार खोकं घेऊन दारात हजर. “वहिनी, तुमच्या पोरींना गोवर आलाय,” म्हणाला. आई हसली, पण आत जाऊन रडलीसुद्धा. त्या दिवसापासून बाबांनी घरात नियमच करून टाकला: धुतल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही. आटायचं असेल ते आटू दे, रंग जायचा असेल तो जाऊ दे. “जे काय व्हायचं ते आधीच होऊन जाऊ दे,” असं म्हणायचे आणि घमेल्यात साबण घोळवायचे.

आमच्या दोरीवर कायम बोटभर बाह्यांचे झगे आणि चिमणीच्या मापाच्या चड्ड्या वाळत असायच्या. “तुमच्याकडे बुटके भाडेकरू आलेत का हो?” असं समोरचे विचारायचे. “हो ना, आणि भाडंही देत नाहीत,” बाबा म्हणायचे. हा विनोद दोघांनी वर्षानुवर्षं चालवला. दोघांनाही त्याचा कधी कंटाळा आला नाही.

अशा या घरात एका दुपारी चष्म्याच्या दुकानातल्या बाई आल्या.

त्यांना सगळी गल्ली ओळखायची. आत्याचा चष्मा त्यांनीच करून दिला होता. त्या हिवाळ्यात त्यांची चार वर्षांची मुलगी तापाने गेली. एकुलती एक. त्यानंतर त्या दुकानात बसायच्या, लोकांच्या नाकावर चष्मे बसवून बघायच्या, पण हसायच्या नाहीत. त्यांच्याशी काय बोलावं हे कुणालाच कळत नसे, म्हणून लोकांनी चष्मे मोडणंच बंद केलं की काय असं वाटायचं.

त्यांनी पिशवीतून एक फिकट हिरवा फ्रॉक काढला. पांढरी कॉलर, पुढे एक धागा ओढला गेलेला आणि गळ्याशी कसलासा डाग.

“बाहुली लहानच करा. तिच्याएवढी नको,” त्या आईला म्हणाल्या. “पण कपडे याचेच हवेत.”

“करते. तुम्ही काळजी करू नका.”

बाईंनी फ्रॉक दिला, परत घेतला, पुन्हा नीट घडी घातली आणि मग दिला. आईने तो धुण्याच्या टोपलीत टाकला नाही. शिवणयंत्रावर झाकण होतं, त्याच्याखाली जपून ठेवला आणि पांढरा दोरा आणायला ती बाजारात गेली. बाईंनी आपणहून काही सांगितलं नव्हतं, पण आईने फ्रॉक हातात घेतला तेव्हाच तिला समजलं होतं. त्याला पोरीचा वास होता.

नेमके त्या दिवशी बाबा लवकर घरी आले. यंत्राला तेल द्यावं म्हणून त्यांनी झाकण उचललं, तर खाली फ्रॉक. आई टोपलीत टाकायला विसरली, असं त्यांना वाटलं. आणि विसरली तर विसरली, आपण कशाला आहोत?

मी शाळेतून आले तेव्हा फ्रॉक दोरीवर होता आणि बाबा शीळ घालत होते. पाठोपाठ आई आली. दारातूनच तिने गॅलरीकडे बघितलं.

“अहो, तो फ्रॉक...”

“डागसुद्धा गेला बघ! लिंबू चोळलं थोडं,” बाबा खुशीत म्हणाले.

आई दोऱ्याची रिळं हातात घेऊन तशीच जमिनीवर बसली. “अहो, चष्मेवाल्या बाईंच्या मुलीचा फ्रॉक तो. तिचा वास होता हो त्याला. तेवढाच राहिला होता.”

बाबांना आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यांनी दोरीवरचा ओला फ्रॉक काढून नाकाशी धरला. साबणाशिवाय त्याला दुसरा कसला वास येणार होता?

“अरे, धुतलासच ना, फाडला तर नाहीस!” आत्या म्हणाली. आपल्या भावावर कुणी रागावलेलं तिला खपत नसे, मग तो भाऊ स्वतःच स्वतःवर रागावलेला का असेना. “कशाला सांगायचं तिला? सरळ कापा आणि शिवून टाका. बाहुलीच्या अंगावर गेला की कोण वास घेऊन बघतंय?”

“कुठलीही आई बघते,” आई म्हणाली.

आत्या उठून आत निघून गेली. तिला स्वतःला मूल नव्हतं. आईला ते लागट बोलायचं नव्हतं, पण ते लागलं. त्या संध्याकाळी बाबा ताटावर बसले आणि अन्न चिवडून उठले.

“मी सांगतो त्यांना. उद्या जातो,” उठताना ते म्हणाले.

आमचा विश्वास बसेना. बाबा कसे, तर नासका कांदा परत करायचा झाला तरी आईला पुढे घालणारे. कुणी आवाज चढवला की ते जिन्यातच अंतर्धान पावायचे. पण त्यांना जावं लागलंच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाईच आल्या. आल्या त्या धापा टाकत, दारातच उभ्या राहून बोलायला लागल्या.

“फ्रॉक कापला नाही ना अजून? मी आज घरी घेऊन जाते. एकच दिवस. उद्या नक्की आणून देते, मग कापा.”

आईने बाबांकडे बघितलं. बाबा उठले. फ्रॉक त्यांनी कपाटातून दोन्ही हातांवर आणला.

“बाई, माझ्या हातून चूक झाली. मी तो धुतला.”

बाईंना ऐकू गेलं नाही असं वाटलं. त्यांनी फ्रॉक घेतला आणि त्यात तोंड खुपसलं. मग तो उलटा केला, बाहीच्या आत नाक घातलं, काखेत, कॉलरच्या घडीत. शोधत राहिल्या. आईने हात पुढे केला तर त्यांनी तो झटकून टाकला.

“कुणी सांगितलं होतं तुम्हाला?” त्या ओरडल्या. “कुणी सांगितलं होतं धुवायला?”

“कुणी नाही. आमच्यात आधी धुतात... मला वाटलं...” बाबांनी मान खाली घातली. पण ते तिथून हलले नाहीत. हे मी मुद्दाम सांगते, कारण बाबांना भित्रा म्हणून हसणारे खूप होते, त्यांत मीही होते.

बाई खुर्चीवर बसल्या. फ्रॉकची कॉलर बोटांनी सरळ करत त्यांनी विचारलं, “गार पाण्यात धुतलात?”

“नाही, कोमट.”

“पिळलात?”

“छे छे. टॉवेलात गुंडाळला आणि नुसता दाबला.”

“तिला गार पाणी सोसायचं नाही,” बाई म्हणाल्या. “अंगाला लागलं की किंचाळायची.”

फ्रॉक पिशवीत घालून त्या निघून गेल्या. आईने केलेला चहा तसाच राहिला.

पुढे कित्येक दिवस बाबांची शीळ बंद होती. कापडं धुवायचे, पण प्रत्येक कापड उचलून आधी आईला दाखवायचे, “हे घेऊ का? नक्की ना?” दुकानदाराने पाठवलेल्या कोऱ्या ताग्याचंही विचारायचे. आईला एरवी अशाने वैताग आला असता, पण ती प्रत्येक वेळी शांतपणे “हो, घ्या” म्हणायची. बाईंसाठी केलेली बाहुली फळीवर पडून होती. हातपाय भरलेले, अंगावर कपडे नाहीत, तोंड काढायचं राहिलेलं. बिनडोळ्यांची असूनही ती बघते, असं म्हणून आत्या तिच्याकडे पाठ करून बसायची. “टाक गं ती आत,” ती आईला सांगायची. आई टाकत नव्हती. बाई येतील असं तिला वाटत होतं, आणि येऊ नयेत असंही.

ऊन तापायला लागलं तेव्हा बाई आल्या. पिशवीतून त्यांनी तोच फ्रॉक काढला. चुरगळलेला, मळलेला.

“रोज उशाशी घेऊन झोपत होते,” त्या म्हणाल्या. “आता त्याला माझाच वास यायला लागलाय. कापा आता.”

आईने चटई टाकली, फ्रॉक पसरला. कात्री हातात घेतली आणि थांबली. इतकी वर्षं फराफरा कापणारी माझी आई, तिची बोटं कात्रीत नीट जाईनात. फ्रॉकचा घेर सारखा सरकत होता.

“कुणीतरी धरायला हवं,” आई म्हणाली.

मी पुढे झाले, तर बाईंनी बाबांकडे बघितलं. “तुम्ही धरा,” म्हणाल्या.

बाबा उठून मोरीत गेले. आधीच स्वच्छ असलेले हात त्यांनी पुन्हा धुतले, पुसले आणि येऊन गुडघ्यांवर बसले. एका बाजूला बाबांनी धरलं, दुसऱ्या बाजूला बाईंनी, आणि मधून आईने कात्री चालवली. हा फ्रॉक आधी धुऊ या असं बाबा म्हणाले नाहीत, आईनेही म्हटलं नाही. तो नियम झाल्यापासून आमच्या घरात न धुता कापलेलं ते एकच कापड.

बाई रोज दुकान बंद करून यायच्या आणि आईशेजारी बसायच्या. आत्याने त्यांना कॉलर दुमडायला शिकवली. शिकवताना चार वेळा ओरडली आणि एकदा त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. चुण्या घालून झाल्या, टिचबटनं लागली, काळ्या लोकरीच्या दोन वेण्या झाल्या. शेवटी तोंड राहिलं. आईने सुईत दोरा ओवला.

“तुमच्याकडे तिचा फोटो असेल ना?” तिने हळूच विचारलं. “म्हणजे डोळे बरोबर...”

“नको,” बाई म्हणाल्या. “तिच्यासारखं नका करू. दुकानातल्या बाहुल्यांचं करता ना, तसंच करा.”

आईने नेहमीचं तोंड काढलं. दोन काळे ठिपके, पापण्यांचे बारीक टाके आणि लाल दोऱ्याचा एक छोटासा बाक. बाईंनी बाहुली हातात घेतली. पुढून बघितली, मागून बघितली, टिचबटनं एकदा उघडून लावली. “छान झालीये हो,” म्हणाल्या. आई तेव्हा रडली. आत्या चष्मा पुसायला लागली.

“पिशवी देऊ का?” बाबांनी विचारलं.

“नको.”

बाईंनी बाहुली कडेवर घेतली. आम्ही सगळे कठड्याशी उभे राहिलो. जिन्यात अंधार पडायला लागला होता म्हणून बाबांनी दिवा लावला. बाई सावकाश उतरत होत्या. खालच्या वळणावर त्या थांबल्या. बाहुलीचा फ्रॉक वर गेला होता, तो त्यांनी गुडघ्यांवर नीट खाली ओढला आणि मग पुढच्या पायऱ्या उतरल्या.