ताम्हणातलं बूच

मित्रांनो, पाण्यावर राज्य करण्यासाठीच जिचा जन्म झाला, वाऱ्याने जिच्यापुढे मान तुकवावी आणि क्षितिजाने जिची वाट पाहावी, अशी मी एक जुनी शिडाची होडी आहे. आयुष्याची बरीचशी वर्षं मी कोल्हापुरातल्या एका मंगल कार्यालयात काकडी-टोमॅटोचे काप ठेवायला उभी होते.

माझा जन्म मालवणच्या बाजूचा. फायबरची काया, दोन माणसांपुरती जागा, एक डोलकाठी, एक शीड. तिथल्या पोरांनी माझ्यावर शीड हाकायला शिकून घेतलं, माझं कौतुक केलं आणि नवी होडी आल्यावर मला विकून टाकलं. घेणाऱ्याला लग्नात काहीतरी वेगळं मांडायचं होतं. माझ्यात बर्फ भरला, बर्फावर काप रचले. वऱ्हाडी माझ्यात वाकून बघत, पण ते बीट संपलं की काय हे पाहायला. पुढे माझ्या तळाला चीर गेली, बर्फाचं पाणी एका नवरदेवाच्या मोजडीत शिरलं आणि मला जनरेटरशेजारी उलटी टाकण्यात आली.

तिथून मला उचललं सयाजीरावांनी. शिवाजी पेठेत त्यांचं वेल्डिंगचं दुकान. त्यांची मुलगी संयोगिता तारकर्लीला शीड हाकायला शिकून आली होती, तिच्या हट्टापायी त्यांनी मला दुरुस्त केलं. चीर बुजवली, नवी डोलकाठी बसवली आणि माझ्या मागच्या भोकाला एक पितळी बूच घडवलं. हे भोक नीट समजून घ्या, मित्रांनो, कारण पुढची सगळी गोष्ट त्यातूनच आत येणार आहे. माझं पोट दुहेरी आहे. आत झिरपलेलं पाणी काठावर आल्यावर त्या भोकातून काढतात. पाण्यात जाताना मात्र बूच लावावंच लागतं. नाही लावलं, तर पाणी गुपचूप पोटात शिरतं आणि वर बसलेल्याला दिसतही नाही.

मी भरले तरी तळाला जाऊ नये म्हणून संयोगिताने बाकांखाली घट्ट झाकणांचे रिकामे कॅन बांधले.

"पोरी, होडी केलीयास का भंगारवाल्याचा गाडा?" सयाजीराव म्हणाले.

चाचणीसाठी जागा ठरली कोडोलीजवळचा एक पाझर तलाव. सयाजीरावांच्या पत्नी शालूबाई, त्यांचं माहेर तिथलं. वैशाखातली दुपार होती. पाण्यावर एक सुरकुती नव्हती.

आपल्याकडे स्कूटर असो नाहीतर जेसीबी, पूजेशिवाय चाक हलत नाही. शालूबाईंनी माझं जे जे सुटं होतं ते सगळं पाटावर मांडलं. वल्हं, दोरी, तरंगायची दोन जाकिटं. बूच गोल आणि चकचकीत, म्हणून त्याला थेट ताम्हणात सुपारीच्या गणपतीशेजारी बसवलं. हळद, कुंकू, अक्षता, जास्वंद. आरती झाली, नारळ फुटला.

"मी तालमीतला गडी. ह्ये जाकीट घालून गावात तोंड कसं दावू?" सयाजीराव कुरकुरले.

"पुजल्यालं हाय त्ये! अंगाला लावल्याबिगर पुण्य न्हाय मिळायचं," शालूबाई म्हणाल्या. पुण्याचा विषय निघाल्यावर सयाजीरावांनी जाकीट चढवलं. संयोगिताने त्याचे पट्टे आवळले.

वल्हं परत आलं. दोरी परत आली. ताम्हण मात्र पदराखाली झाकून शालूबाई भावाच्या घरी देवापुढं ठेवायला घेऊन गेल्या.

मी ओरडले असते. पण होडीला तोंड नसतं, नुसतं भोक असतं.

"आबा, बूच लावलंय न्हवं?" शीड चढवता चढवता संयोगिताने विचारलं.

"लावलंय की! हयात वेल्डिंगमदी गेली, आन् मला इच्यारतीस?" सयाजीरावांनी मागे वळूनही बघितलं नाही.

तेवढ्यात पाण्यात डुंबणाऱ्या म्हशी कुणी न हाकताच बाहेर आल्या. बगळे उडून गेले. वारणा नदीच्या अंगाला ढगांची काळी भिंत उभी राहत होती.

"आबा, वळीव येणार. आज ऱ्हाऊ द्या."

"त्यो पलीकडनं जातोय गं. आलोय तर एक राउंड मारू."

मित्रांनो, या जगातल्या पुष्कळशा होड्या 'एक राउंड' मारायला गेलेल्याच तळाशी सापडतात.

हलक्या झुळुकीवर काठ मागे पडला. माझ्या पोटात गार पाणी सरकू लागलं. माझी मागची बाजू खाली बसली. सुकाणू जड लागतंय म्हणून संयोगिताच्या कपाळाला आठी पडली.

"कशी निवांत बसलीया बघ पाण्यात, म्हशीगत!" सयाजीराव खूश झाले. शिडाची दोरी त्यांनी बैलाच्या कासऱ्यासारखी मनगटाला गुंडाळून घेतली होती.

म्हशीला पोहता येतं. माझं तसं नव्हतं.

आणि वारा पडला. पाणी काळं झालं. दूरवर उसाचं रान एकदम आडवं झालेलं मला दिसलं.

"आबा, दोरी सोडा! सोडा!"

कासरा सुटतो तो बैल थांबल्यावर. अंगावर आलेला वारा थांबत नाही, आणि मनगटाची दोरी सुटली नाही. पोटातलं सगळं पाणी एका बाजूला धावलं, शीड पाण्यावर आपटलं आणि सयाजीराव शिडाखाली गेले. मी लग्नातले ताशे ऐकलेत, फटाके ऐकलेत. पण खालून शिडावर मूठ आपटण्याचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. आधी जोरात. मग हळू.

संयोगिता शिडाखाली शिरली. कमरेच्या चाकूने तिने दोरी कापली आणि जाकिटाने सयाजीरावांना बुचासारखं वर फेकलं.

"मी... काठ गाठतो!" ते खोकत म्हणाले. "कोटीतीर्थाच्या तळ्यात पवायला शिकलोय मी!"

"होडी सोडायची न्हाय! काठ दिसतोय जवळ, हाय लांब!"

जन्मात पहिल्यांदा त्यांनी मुलीचं ऐकलं. दोघं मला धरून राहिले आणि मला धरून राहिले ते भंगारवाल्याचे कॅन. गारा टणाटण आदळत होत्या. मग वळीव आला तसाच निघून गेला.

उजेड आल्यावर संयोगिताला माझं उघडं भोक दिसलं.

"आबा. बूच कुठाय?"

सयाजीरावांनी काठाकडे बघितलं. "...ताम्हणात."

बाकाला बांधलेल्या शिदोरीतल्या भाकरीचा लगदा झाला होता, मुळा मात्र शाबूत होता. संयोगिताने तो भोकात दाबून बसवला, दोघांनी मला सरळ केलं, शिदोरीच्या पातेल्याने वरचं पाणी उपसलं आणि वल्हवत काठ गाठला. काठावर शालूबाई पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. त्या सयाजीरावांना आधी बिलगल्या आणि मग सगळ्या गावादेखत त्यांची हजेरी घेतली.

ते बूच आता त्यांच्या देवघरात आहे. "त्येनंच राखलं," असं म्हणून त्या ते परत देत नाहीत, रोज हळद-कुंकू वाहतात. मी दुकानाच्या मागे उलटी पडून आहे.

तेव्हा मित्रांनो, होडीची पूजा जरूर करा, पण बूच तिलाच साखळीने बांधून ठेवा. जाकिटाचे पट्टे आवळा, दोरी हाताला गुंडाळू नका, ढग दिसला तर घरी जा, आणि उलटलातच तर होडी सोडू नका. बूच लावलंय का असं कुणी विचारलं, तर वाकून बघा आणि मगच 'व्हय' म्हणा.

आणि शिवाजी पेठेतून जाणार असाल, तर तेवढा मुळा काढा. फार वास मारतोय.