नदीच्या नावाची नोटीस

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी कोर्टाच्या बेलीफने नदीला नोटीस बजावली.

नदी कायद्याने माणूस ठरली त्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हा भाषणं झाली, फोटो निघाले. तिच्या वतीने बोलायला सरकारने एक पालक नेमला. तो निवृत्त झाला आणि खुर्ची रिकामीच राहिली. आता कागद कारखान्याने तिच्यावर दावा ठोकला होता: ही आमच्या कुंपणात घुसते, हिला पलीकडच्या काठाने वळवा. पलीकडच्या काठावर बेलीफच्या थोरल्या बहिणीचं, ताईचं घर होतं.

पक्षकार सापडला नाही तर नोटीस त्याच्या राहत्या जागी चिकटवायची, दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या, असा नियम. बेलीफने पाण्याची पातळी मोजायचा खांब निवडला. एक पंच होडीवाला. दुसरा मिळेना.

"मी करते की सही," धुणं पिळता पिळता ताई म्हणाली. "काय लिहिलंय रे?"

"नदीला कोर्टात बोलावलंय."

होडीवाला खिदळला. "पायऱ्या कशा चढणार ती?"

"आलीच तर दारातच थांबवा, चिखल करील." ओले हात पुसून ताईने शाळेतल्यासारखी एकेक अक्षर जोडत सही केली. "हक्क मिळाले ना तिला? बरं झालं. आपलं कोण ऐकतंय, निदान तिचं तरी ऐकतील."

बेलीफने नोटीस खांबावर चिकटवली. 'पक्षकाराचा पत्ता नाही' एवढं लिहून परतला असता तर तारीख पुढे गेली असती. पण तीस वर्षांत त्याचा एकही अहवाल चुकीचा म्हणून परत आला नव्हता. त्याने लिहिलं: रीतसर बजावणी झाली.

मंगळवारी अकराला शिपायाने व्हरांड्यात नदीचं नाव तीनदा पुकारलं. कुणी ओ दिली नाही. एकतर्फी हुकूम जेमतेम चार ओळींचा निघाला: नदी पलीकडच्या काठाने वळवा.

गुरुवारी ताईच्या भिंतीवर लाल रंगात पाडायच्या घराचा आकडा पडला. ती वकिलाकडे धावली. त्याने कागद तिच्यापुढे सरकवला. "बजावणीवर सही तुमचीच आहे, बाई. आता हरकत कोणत्या तोंडाने घेणार?"

तिने भावाला फोन लावला. "मी वाचलं नव्हतं. तू तर वाचलं होतंस ना?"

त्याने फोन ठेवून दिला.

शुक्रवारी दुपारी खोदयंत्र ताईच्या दारापासून पन्नास पावलांवर उभं होतं. दार आतून बंद होतं. बाहेर उभ्या बेलीफच्या पिशवीत घर रिकामं करण्याची नोटीस होती, ताईच्या नावाची. दोन पंच अजून मिळाले नव्हते.